गिरगावची मेमसाब

मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाने परदेशस्थ नातेवाइकांची जी उतरंड दोन-तीन पिढ्यांच्या खटपटीने रचली आहे, तिच्या माथ्यावर अमेरिका, त्याखाली इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी, तर बुडाशी दुबई आणि मस्कत अशी देशांची मांडणी असून भूतानला तिच्यात अद्याप जागा मिळालेली नाही. परिणामी, लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून ऐन तारुण्यात भूतानमध्ये संसार मांडणारी गिरगाव, दादर किंवा लालबागकडील मुलगी रीतसर परदेशात राहत असूनही तिला परदेशस्थ म्हणवून घेण्याचा मान मिळत नाही, आणि तिच्या स्वभावातील बहुतेक वैशिष्ट्यांचा उगम या अन्यायातच शोधावा लागतो.

हा नमुना मुळात कसा निर्माण झाला, हे आधी पाहिले पाहिजे. 1962 साली भारतीय लष्कराचे एक प्रशिक्षण पथक भूतानमध्ये स्थापन झाले, आणि त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून लष्करात त्याला 'इमट्राट' म्हणू लागले. भूतानच्या शाही सैन्याला आणि राजाच्या अंगरक्षक दलाला शिक्षण देणे हे या पथकाचे काम असून त्याचे मुख्यालय देशाच्या पश्चिमेस, 'हा' नावाच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,700 मीटर उंचीवर आहे. किल्ला, मठ आणि कचेरी ही तिन्ही कामे एकाच छपराखाली उरकणाऱ्या भूतानी गढीला झोंग म्हणतात. अशी एक गढी आणि तिला लागूनच गोल्फचे मैदान, असा पथकाचा शेजार आहे. नेमणूक शांततेची असल्यामुळे अधिकाऱ्याला पत्नीला सोबत नेता येते, आणि ही सवलत मराठी लष्करी परंपरेत तशी अलीकडची आहे. पूर्वी कोकणातला किंवा साताऱ्याकडचा शिपाई मेसोपोटेमियात गेला काय किंवा इटलीत गेला काय, त्याची बायको गावीच राही आणि परदेश तिच्यापर्यंत मनीऑर्डरच्या रूपाने पोहोचे. इटलीच्या आघाडीवर 1944 साली यशवंत घाडगे यांनी आणि 1945 साली नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तरी त्या देशात भात चांगला शिजतो की नाही, ही माहिती त्यांच्या गावच्या बायकांना मिळण्याची सोय नव्हती. आजची लष्करी पत्नी ही माहिती व्हिडिओ कॉलवरून रोज देते आणि ती रोज विचारलीही जाते.

तरीही उतरंडीत तिला जागा का मिळत नाही, याची कारणे कागदोपत्री आहेत. भारतीय नागरिकाला भूतानमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर काम भागते. ज्या देशात निवडणुकीच्या कार्डावर जाता येते, त्याला परदेश म्हणणे गिरगावच्या विवेकबुद्धीला पटत नाही. तेथील चलनाचे नाव न्गुलत्रुम असले तरी त्याची किंमत भारतीय रुपयाएवढीच ठरवलेली आहे आणि रुपयाही तेथे चालतो, म्हणून मिळालेल्या पैशाला अमुक इतक्याने गुणण्याचा जो परदेशस्थांच्या आईवडिलांचा हक्काचा आनंद, तोही येथे नाही. घड्याळातील फरक तर केवळ अर्ध्या तासाचा आहे. समोरच्या बिऱ्हाडातील काकू "आमच्याकडे आता सकाळ, तिच्याकडे काल रात्र" असे ऐटीत सांगत असताना "आमच्या लेकीकडे साडेनऊ म्हणजे दहा" असे सांगणाऱ्या आईची अवस्था काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

माहेरच्या भागानुसार या मुलींत थोडा फरक आढळतो. दादरच्या मुलीने प्रजासत्ताक दिनाचे संचलन शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून पाहिलेले असते आणि त्यामुळे लष्कर आपल्याला आतून ठाऊक आहे असा तिचा समज असतो. परळ-लालबागच्या मुलीच्या घरी 1982 च्या गिरणी संपाची आठवण अजून ताजी असते, आणि दरमहा ठरलेल्या तारखेला पगार देऊन वर पेन्शनही देणाऱ्या खात्याविषयी तिच्या वडिलांना जो आदर वाटतो, त्यात देशभक्तीचे प्रमाण किती हे निश्चित करणे कठीण आहे. गिरगावकरणीचा लष्कराशी संबंध सर्वांत कमी, कारण तिच्या दृष्टीने फौज कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या फाटकापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. तरी सर्वांत पक्का नमुना तिचाच निघतो, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः तिला अनुलक्षून आहे.

तिचा पहिला परदेश भूतान नसतो, ऑफिसर्स मेस हा असतो. अधिकाऱ्यांच्या सामुदायिक भोजनगृहाला मेस म्हणतात, हा कोशातला अर्थ झाला. प्रत्यक्षात तेथे भोजन ही शेवटची आणि फार उशिरा घडणारी घटना असून, तोपर्यंत हातात सरबताचा पेला धरून उभे राहणे आणि हवामानाविषयी बोलणे हा मुख्य विधी असतो. या जगात पत्नीला 'लेडी वाइफ' म्हणतात. 'पुरुष पत्नी' अशी दुसरी कोणती जात अस्तित्वात आहे काय, हा प्रश्न लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मराठी वधूला पडतो आणि शिस्तीच्या कारणास्तव ती तो विचारत नाही. जवान तिला 'मेमसाब' म्हणतात, वरिष्ठांच्या पत्नीला तिने 'मॅम' म्हणायचे असते, आणि लष्करी नियमांत पत्नीला कोणताही हुद्दा नसला तरी बसण्याच्या जागा पतीच्या हुद्द्याप्रमाणे आपोआप ठरत जातात. बायकांच्या मासिक मेळाव्यात तंबोला, म्हणजे अंक पुकारून कागदावर खोडण्याचा खेळ, भक्तिभावाने खेळला जातो आणि पदार्थांवर इतकी चर्चा होते की ते थंड होऊनच पोटात जातात.

येथे नवखी मुलगी बुजेल, ही सासरची अपेक्षा असते आणि ती सपशेल खोटी ठरते, कारण चाळीत वाढलेल्या मुलीला अशा व्यवस्थेचे बाळकडू आधीच मिळालेले असते. गॅलरीत कोणाचे बिऱ्हाड नळाच्या बाजूला, घरमालकाचा भय्या कोणाला आधी नमस्कार करतो, मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नीने हळदीकुंकवाला कोणती साडी नेसली असता इतरांनी कोणती नेसू नये, हे सर्व हुद्दे तिला न लिहिता पाठ असतात. वरिष्ठ मॅमचा मूड कसा आहे हे ती त्यांच्या दाराशी असलेल्या चपलांच्या संख्येवरून ओळखते. सामान बांधण्यात तर तिचा हात धरणारी दुसरी नाही. लष्करी कुटुंबाची चीजवस्तू काळ्या रंगाच्या पत्र्याच्या ट्रंकांतून हिंडत असते. त्यांवर पांढऱ्या अक्षरांत हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असून, मुक्कामाला पोहोचताच त्याच ट्रंकांवर गादी आणि चादर अंथरून दिवाण तयार करण्याची रीत आहे. दीड खोलीत आठ माणसे, दोन पाहुणे आणि एक शिलाई मशीन रात्री अकरा वाजता कसे बसवायचे, याचे शिक्षण घेतलेल्या मुलीला यात नवल ते काय वाटावे! तिला अडचण येते ती उलट प्रकारची, कारण भूतानमधील सरकारी निवासस्थानाच्या खोल्या इतक्या ऐसपैस असतात की नवऱ्याला हाक मारण्यासाठी उठून जावे लागते, आणि शेजारच्या घरात काय चालले आहे हे भिंतीतून मुळीच ऐकू येत नाही. पहिले काही महिने तिला झोप न येण्याचे खरे कारण हे असते. पतिराज मात्र ते विरळ हवेवर ढकलतात.

विरळ हवेचा उपद्रव स्वयंपाकघरात होतो. या उंचीवर पाणी सुमारे 91 अंशांनाच उकळू लागते, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजण्यास साफ नकार देते आणि कुकरला माहेरच्या दुप्पट शिट्ट्या द्याव्या लागतात; विरजण लावलेले दूध सकाळी जसेच्या तसे हसत असते, आणि ते लागावे म्हणून पातेले बुखारीपाशी ठेवावे लागते. बुखारी म्हणजे खोली उबदार ठेवण्यासाठी पेटवलेली, धुराडे बाहेर काढलेली लोखंडी शेगडी. तिच्याभोवती थंडीत घरातली सर्व माणसे, ओले मोजे, भिजवलेले डोशाचे पीठ आणि परीक्षेचा अभ्यास एकत्र जमतात, आणि गिरगावकरणीला अखेर दीड खोलीचे सुख परत मिळते.

भूतान हा देश तिला मेसपेक्षा पुष्कळच लवकर आपलासा वाटतो, ही गोष्ट तिच्या नवऱ्याच्या ध्यानात बहुधा येत नाही. तेथील लोक मिरची मसाला म्हणून नव्हे, तर भाजी म्हणून खातात. एमा दात्शी हा त्यांचा आवडता पदार्थ मिरच्या आणि चीज यांचा केलेला असतो, आणि शरद ऋतूत घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात. ज्या मुलीची आई दर उन्हाळ्यात लालबागच्या बाजारात बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या निवडून, देठे खुडून, डंकावर स्वतः उभी राहून वर्षाचा मसाला कांडून आणते, तिला हे छप्पर पाहताच आपण योग्य माणसांत आल्याची खात्री पटते. विड्याचे पान, ओली सुपारी आणि चुना यांचा डोमा नावाचा विडा तेथे ज्याच्या त्याच्या तोंडात असतो, त्यामुळे आजोबांची आठवण यायला फार लांब जावे लागत नाही. मालवणी घरातली असेल तर थिंफूच्या बाजारातील सुक्या मासळीचा वास तिला दोन वळणे आधीच ओळखता येतो. मात्र ती मासळी सरकारी निवासस्थानात भाजल्यावर वरच्या मजल्यावरील मॅम कोणता चेहरा करतात, हे तिला लवकरच समजते आणि पुढची खरेदी रविवारी, त्या गोल्फच्या मैदानावर असताना, होते.

गणेशोत्सवात मात्र दोन शिस्तींचा सामना अटळ असतो. लष्करात बहुतेक ठिकाणी 'सर्व धर्म स्थळ' असते, जेथे निरनिराळ्या धर्मांची उपासना एका छपराखाली चालते, आणि पूजापाठासाठी धर्मशिक्षक या पदावर नेमलेले पंडितजी स्वतः ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्यामधल्या दर्जाचे, असतात. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीने 1893 पासून सार्वजनिक गणपती बसवला, तेथील मुलीची आरतीविषयीची कल्पना अशी की ती एका आरतीवर थांबत नाही, एकातून दुसरी निघते, मध्ये कोणीतरी तिसरीच सुरू करतो आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत पोहोचताना खिरापत थंड झालेली असते. याउलट लष्करी आरती 1900 वाजता सुरू होऊन 1915 वाजता संपते, आणि 1916 वाजता प्रसादाची रांग डावीकडून सुटते. पहिल्या वर्षी गिरगावकरीण हे निमूटपणे सोसते. दुसऱ्या वर्षी ती पंडितजींना, "साहेब, अजून एकच," असे म्हणत चार आरत्या वाढवते. तिसऱ्या वर्षी कमांडंटसाहेबांच्या पत्नी झांज मागून घेतात, आणि वेळापत्रकात आरतीसमोर फक्त सुरू होण्याची वेळ छापली जाते. कोणत्याही देशाच्या सैन्याने भारतीय लष्कराला इतक्या थोड्या अवधीत एवढी माघार घ्यायला लावल्याचे उदाहरण सापडत नाही.

उतरंडीत तिला तात्पुरती जागा एकदाच मिळाली. 2017 च्या जूनमध्ये डोकलामच्या पठारावर भारतीय आणि चिनी सैन्य समोरासमोर उभे राहिले आणि 73 दिवस तेथून हलले नाही; हे पठार 'हा' खोऱ्याच्या लगतचेच, त्यामुळे वृत्तवाहिन्यांवरील नकाशात 'हा' खोऱ्याचे नाव गिरगावच्या प्रत्येक बिऱ्हाडात पोहोचले. त्या काळात जी तिथे होती, तिच्या आईचा फोन दिवसातून पाच वेळा येत असे आणि त्यामागे गॅलरीतील सर्वांचे आवाज ऐकू येत. घटनास्थळाच्या इतक्या जवळ असूनही तिला काहीच ठाऊक नव्हते, कारण लष्करी नवरा घरी कामाविषयी बोलत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मात्र सर्व काही ठाऊक होते, आणि सैन्य कोणत्या बाजूने पुढे सरकवावे हे ते तिच्यामार्फत जावईबापूंना कळवत. ऑगस्टअखेर सैन्ये मागे सरली आणि तिचा मानही त्यांच्याबरोबर ओसरला.

सुटीवर गिरगावात आल्यावर तिची चौकशी होते ती देशाविषयी नव्हे, कँटीनविषयी. लष्करी कँटीन ही सैनिकांना सवलतीच्या दरात वस्तू पुरवणारी यंत्रणा असून, तिचे मुख्य कार्यालय मुंबईतच, महर्षी कर्वे मार्गावर आहे. म्हणजे ज्या वस्तूंचे अप्रूप हिमालयातून येईपर्यंत वाढत जाते, त्यांचा कारभार गिरगावच्या हाकेच्या अंतरावरून चालतो. ट्रॉलीबॅग, मिक्सर आणि फेसपावडर यांची मागणी खुलेपणाने होते. रमची मागणी नेहमी कोणाच्या तरी जुनाट खोकल्यासाठी असते, आणि तो खोकला तिच्या सुटीच्या काळातच बळावतो.

नेमणूक संपताना 'मार्चिंग आउट' नावाचा सोहळा होतो. सरकारी निवासस्थान सोडताना खुर्चीपासून पडद्याच्या दांड्यांपर्यंत प्रत्येक वस्तू यादीशी ताडून पाहिली जाते आणि मोडतोडीची भरपाई 'बॅरॅक डॅमेज' या नावाखाली वसूल होते. गिरगावकरणीच्या नावावर ही रक्कम नेहमी अंमळ जास्त निघते, कारण कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या छताला लावून ते काठीने वर चढवल्याशिवाय तिला पावसाळा पावसाळ्यासारखा वाटत नाही, आणि खिळ्यांची भोके लष्कर विसरत नाही. या याद्यांची भाषाही तिच्या अंगी मुरते; लष्करात वस्तूचे नाव आधी, वर्णन नंतर आणि संख्या शेवटी लिहितात. पुढच्या मुक्कामासाठी ती आईला जी यादी पाठवते, तीत 'मसाला, मालवणी, कांडलेला, किलो 2', 'कोकम, सुके, ग्रॅम 500' आणि 'पोळपाट, लाकडी, उपसाधनांसह, नग 1' अशा नोंदी असतात. आई चष्मा लावून ती दोनदा वाचते आणि फोन करून लाटणे का नको म्हणून विचारते, त्यावर लाटणे उपसाधनांत धरले आहे, असे उत्तर मिळते.