वजन किती?

सायकल घ्यायची आहे, असं घरातल्या घरात नुसतं बोलून बघा. तिसऱ्या दिवशी दारात एक गृहस्थ उभे राहतात. ते प्रत्येक गावात आहेत, प्रत्येक सोसायटीत आहेत. सायकलीच्या आधी तुमच्या मिक्सरचा, इन्व्हर्टरचा आणि धाकट्या मेव्हण्याच्या स्थळाचा निकालही त्यांनीच लावलेला असतो. आमच्या कर्जतचे हे गृहस्थ दहिवलीला राहतात. तोंडावर त्यांना सगळे भाऊ म्हणतात, पाठीमागे काटेभाऊ.

काट्याचं असं झालं, की मुलाकडे अमेरिकेला जाताना बॅग २३ किलोच्या वर जाऊ नये म्हणून भाऊंनी एक डिजिटल काटा आणला. वर मूठ, खाली हूक, मध्ये आकडा. बॅग जाऊन आली, काटा मात्र शर्टाच्या खिशात कायमचा राहायला आला. आता त्याला काहीही लटकवता येतं आणि भाऊ लटकवतात. कर्जत स्टेशनावर इंजिन लागेपर्यंत गाडी थांबते तेवढ्यात वड्यांची पिशवी. महडच्या वरदविनायकाहून आणलेला प्रसादाचा पुडा. लग्नात आलेली आहेराची भांडी, आणि तीही मांडवातच. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं सरकारी धोरणात आहे, हे कळल्यावर तर भाऊ एका शाळेच्या फाटकाबाहेर काटा घेऊन उभे राहिले होते. मुलांनी रांग लावली. मुख्याध्यापिकाबाईंनी शिपाई पाठवला. भाऊंनी शिपायाच्या हातातली घंटा मोजून दिली आणि मगच निघाले. वहिनी म्हणतात, काटा लग्नानंतर आला हे माझं नशीब.

तर माझी लेक सात वर्षांची. दिवाळीनंतर भातं कापून होतात, खाचरं वाळतात, पेजेकाठी हवा गार असते. तेव्हा रविवारी सकाळी तिला घेऊन गाडीवाटांनी फिरावं, कोंडाणे लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जावं, डबा खावा, परत यावं, एवढाच माझा मनसुबा. राजमाचीची चढण नको, पेठच्या किल्ल्याची दगडी वाट नको. हे भाऊंना मी सांगितलं नव्हतं. तरी दुकानात पोचलो तेव्हा ते आधीच आत होते आणि छताला टांगलेल्या सायकली खाली उतरवून घेत होते.

लेकीने तोवर पसंती केली होती. गुलाबी रंग, पुढे स्प्रिंग, मध्ये स्प्रिंग, मडगार्ड, कॅरिअर, बास्केट आणि बास्केटला झिरमिळ्या.

"काका, मजबूत आहे," दुकानदार म्हणाला.

"मजबूत म्हणजे वजन किती?"

"गिअर बघा ना, अठरा गिअर."

"गिअर नाही विचारले. वजन किती?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंपांच्या शेल्फाकडे पाहिलं. हूक दांड्याला लागला, भाऊंच्या मानेची शीर फुगली आणि आकडा आला: १४.२.

"पोरीचं वजन?"

"बावीस असेल."

"असेल?" भाऊंनी लेकीच्या फ्रॉकच्या पट्ट्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिला मागे ओढलं. मग ते तिथेच बिलबुकाच्या पाठीवर गणित मांडायला बसले. बावीस किलोच्या पोरीला चौदा किलोची सायकल, म्हणजे तिच्या वजनाच्या चौसष्ट टक्के. "तुझं पंच्याहत्तर धर. त्याच हिशेबाने तुला अठ्ठेचाळीस किलोची सायकल येईल. भरलेला सिलिंडर कॅरिअरला बांधून कोंडिवड्याचा चढ चढून दाखव. मग घे ही."

पुढचा तासभर दुकान भाऊंचं होतं. स्प्रिंगवर ते सर्वांत जास्त घसरले. बावीस किलोच्या पोरीने ती स्वस्तातली स्प्रिंग दबतच नाही, म्हणजे दोन-अडीच किलो लोखंड ती नुसतं शोभेला वाहणार. त्यापेक्षा पुढे साधा फोर्क आणि दोन इंच रुंदीचं टायर घ्यावं, त्यात हवा जरा कमी ठेवली की गचके टायरच खातं. मग ब्रेक. लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर मुठीजवळ येते आणि लहान बोटं पोचतात. दुकानदाराला तो स्क्रू आहे हे ठाऊक नव्हतं, निदान त्याने तसं दाखवलं. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पोरं घाबरली की उजवाच करकचून दाबतात आणि हँडलवरून पुढे जातात. म्हणून आधी डावा, मग दोन्ही, हे भाऊंनी लेकीकडून दुकानात उभ्या उभ्या घोकून घेतलं. शिवाय दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिल्यावर वर दोन-तीन बोटं जागा हवी. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठी सायकल घेणाऱ्या बापांबद्दल ते जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. आमच्या तीर्थरूपांनी मला आठवीत बावीस इंची दिली होती ती बीकॉमपर्यंत पुरली, हे मी त्यांना सांगणार होतो. राहून गेलं.

शेवटी निवडली ती वीस इंची, स्प्रिंगा नसलेली, पुढे एकच चक्र, मागे सात. रंग राखाडी. स्टँड काढून टाकला. बास्केटवरून रडारड झाली. भाऊंनी बास्केट हुकाला लावली, आकडा पाहिला आणि म्हणाले, "घेऊ दे. झिरमिळ्यांना वजन नाही." आकडा मात्र त्यांनी आम्हाला दाखवला नाही.

माझ्या सायकलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "तुझी कसलीही घे. मागे सस्पेन्शन घेऊ नको, पुढे शंभर मिलिमीटरचं पुरे, मागचं मोठं चक्र पुढच्या लहान चक्रापेक्षा मोठं असलं की चढावर जीव जात नाही. तू दमलास तर कुणाचं काय बिघडतं? पोरगी दमली तर ती पुन्हा यायची नाही."

हे वाक्य मला नंतर सबंध आठवडा त्रास देत राहिलं. ज्या माणसाचा राग यायला हवा त्याने असं काही शहाणपणाचं बोलू नये.

आणि मग ते आमच्याबरोबर आलेच. बोलावलं नव्हतं. पहाटे फाटकाशी आले, माझ्या पाठीवरची सॅक उतरवून मोजली, कुलूप काढून घरीच ठेवलं आणि पोरीची पाण्याची बाटली स्वतःच्या सायकलला लावली. वाटेत दोन्ही टायरात बाभळीचे काटे घुसले तेव्हा पंक्चर मी काढलं. भाऊ शेजारी उभे राहून उपटलेला काटा तळहातावर तोलत होते.

पुढची वाट मी लहानपणापासून ओळखतो. बैलगाडी जायची, दोन्ही बाजूंना खाचरं, ओढ्यावर फरशी. आता तिथे फाटक आहे. लोकल पनवेलहून चौकमार्गे थेट कर्जतला येणार म्हटल्यापासून आमच्याकडे आणि खालापुरात पिकाऐवजी कंपाउंड उगवतात. दगडी भिंत, बोगनवेल, आत मखमली हिरवळ आणि पाटीवर बंगल्याचं नाव. नाव बहुतेक वेळा भिंत घालताना तोडलेल्या झाडाचं असतं. रविवारी मालक मुंबईहून दोन लाखांची सायकल गाडीच्या टपावर बांधून आणतात, आतल्या रस्त्यावर चार चकरा मारतात आणि निसर्गाची पोस्ट टाकतात.

"इथून नाय जायचं," राखणदार म्हणाला. मग भाऊंना ओळखून ओशाळला. हे शेत आधी त्याच्या चुलत्याचं होतं. त्यात कर्जत-३ भात पिकायचा, ते भाऊंनाही ठाऊक होतं आणि त्यालाही. तो म्हणाला, "मी तिकडं बघतो, तवर जावा. गेटची चावी मालकाकडं हाय."

भाऊंनी एका हाताने पोरीची सायकल उचलली आणि भिंतीपलीकडे अलगद सोडली. मग स्वतःची. मग पोरीला बगलेत धरून पलीकडे उतरवलं. पुढच्या भिंतीशी पुन्हा तेच. मुलगा लहान असल्यापासून भाऊ या वाटांवर येतात. तेव्हा भिंती नव्हत्या, पण दमलेला मुलगा होता आणि त्याची लोखंडी सायकल होती. घरापर्यंत दोन्ही आपल्यालाच आणावी लागायची, असं ते चालता चालता म्हणाले. मुलाबद्दल त्या दिवशी ते एवढंच बोलले. माझी सायकल भिंतीवर अडकली तेव्हा मात्र खाली उभं राहून म्हणाले, "वजन किती?"

तेवढ्यात राखणदाराचा पोरगा मागून आला. असेल नऊ-दहा वर्षांचा. बापाची मोठी काळी सायकल, सीट त्याच्या खांद्याला लागेल इतकी उंच. दांड्याखालून पाय घालून, सबंध अंग एका बाजूला टाकून तो अर्धं पायडल मारत खडकाळ उतारावरून आमच्या शेजारून सुसाट गेला, फरशीशी पाय घासत थांबला आणि लेकीकडे बघून हसला. लेक तर झिरमिळ्या विसरली. तिला आता तशीच सायकल हवी होती.

भाऊ गेले आणि हूक लावला. आकडा आला २०.६. पोरगा पंचवीस किलोच्या आतलाच दिसत होता. मी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. दुकानातलं गणित ते इथे कसं सोडवतात याची मला मनापासून उत्सुकता होती. त्यांनी काटा खिशात घातला, खाली बसले आणि चाकं फिरवून पाहिली. "ब्रेकचे रबर कुठायत रे?"

"गेले."

"किती दिवस?"

"नाय म्हाईत. पाय हाय ना."

पुढच्या रविवारी भाऊ चार रबर आणि पाना घेऊन आले. फाटकाबाहेर सायकल उलटी केली, तारा ताठ केल्या, रबर बसवायला घेतले आणि सवयीने ते आधी पिशवीत घालून काट्याला लावले. आकडा शून्य. पिशवी हलवली, पुन्हा शून्य. काटा हातावर दोनदा आपटला.

"बॅटरी गेली वाटतं," भाऊ म्हणाले आणि पोराला म्हणाले, "पाना धर."