तीन-वीसचा गुंतवणूकदार

शेअर बाजारात दीर्घकालीन गुंतवणूकदार होण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे कंपनीचा ताळेबंद वाचून शेअर घेणे. दुसरी वाट जास्त वर्दळीची. सकाळी साडेनऊला इंट्राडेसाठी, म्हणजे त्याच दिवशी विकून मोकळं होण्यासाठी, शेअर घ्यायचा, तो दुपारपर्यंत खाली जातो, आणि तीनच्या पुढे माणूस म्हणतो, ‘कंपनी तशी चांगली आहे. राहू दे.’ तीन-वीसच्या सुमारास ब्रोकरची यंत्रणा उघडे सौदे आपणहून कापायला घेते. त्याआधी घाईघाईने पैसे भरून सौदा डिलिव्हरीत, म्हणजे शेअर स्वतःकडे ठेवण्याच्या व्यवहारात, बदलून घ्यायचा. सकाळी जी कंपनी नेमकं काय बनवते हेही ठाऊक नव्हतं, तिच्या उज्ज्वल भवितव्यावर संध्याकाळी चहाबरोबर घरच्यांना व्याख्यान मिळतं.

यात लबाडी नसते हो. तोटा ‘बुक’ केला नाही तोवर तो झालेलाच नाही, असं मन प्रामाणिकपणे मानतं. हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचं दुःख मोठं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली शास्त्रीय भाषेत मांडलं. पुढे १९८५मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी त्याचा बाजारातला अवतार दाखवला : माणूस नफ्यातला शेअर लवकर विकतो आणि तोट्यातला उराशी धरून बसतो.

या रोगावर स्टॉपलॉस नावाचं औषध आहे : भाव ठरवलेल्या पातळीला उतरला की शेअर विकून टाकण्याची आगाऊ सूचना. आणि ते फुकट आहे. बहुधा म्हणूनच त्याला किंमत नसावी. समजा, शेअर २५०ला घेतला आणि २४६चा स्टॉपलॉस लावला. इथवर सगळे शिस्तीचे पुतळे. भाव २४७वर आला की बोटं शिवशिवतात. ‘जरा जागा द्यावी त्याला’ म्हणून स्टॉपलॉस २४३वर. मग २४०वर. मग तो काढूनच टाकायचा, कारण ‘हे ऑपरेटर लोक आपले स्टॉपलॉस बरोबर उडवतात.’ कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांचा डोळा आपल्या डोंबिवलीतल्या पंचवीस शेअरांवर आहे, या समजुतीत दुःख कमी आणि मान जास्त असतो. पुढची पायरी अ‍ॅव्हरेज करण्याची : पडत्या भावात आणखी पंचवीस. हाच शेअर उलट २५२ला गेला असता तर त्याच माणसाने तो थरथरत्या हातांनी विकला असता, आणि तो २६०ला गेलेला पाहून दिवसभर जेवला नसता.

सगळ्यांत धोक्याची वेळ मात्र तोटा पत्करल्यानंतरची. ‘बाजाराने घेतले ना, बाजाराकडूनच वसूल करतो,’ असं म्हणून दुपटीचा सौदा टाकला जातो. बाजाराला आपलं नावही ठाऊक नसतं, भांडण एकतर्फीच.

पूर्वी निदान वेळ मिळायचा. १९९५पर्यंत दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणात ओरडून, हातवारे करून सौदे होत. सुडाचा सौदा करायचा तर आधी दलालाला फोन लागायला हवा. तो लागेपर्यंत डोकं शांत व्हायचं. त्या पिढीच्या शिस्तीतला बराच वाटा एंगेज लाइनचा होता, असं माझं मत आहे. आता अंगठा पुरतो.

अंगठ्याचा हिशेबही झालेला आहे. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने जुलै २०२४मध्ये रोख बाजारातल्या इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात दहापैकी सात जण तोट्यात होते. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के. तोट्यातल्यांनी त्या तोट्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम वर आणखी दलाली आणि करांत घातली. म्हणजे सराव वाढला की हात बसतो, हा स्वयंपाकातला नियम इथे लागू नाही.

त्याच अभ्यासातली एक नोंद मला फार आवडली. अविवाहितांपेक्षा विवाहितांची, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांची कामगिरी बरी निघाली. माझा तर्क साधा आहे. विवाहिताला संध्याकाळी ‘आज काय झालं?’ असं विचारणारं कुणीतरी असतं; उत्तर द्यायचं आहे या धास्तीने हात आवरतो. आणि मंडईत भाव पटला नाही तर पिशवी उचलून पुढच्या गाळ्यावर जाणारी बाई त्याला पराभव समजत नाही. आपण पुरुष समजतो. चार रुपयांचा तोटा घेऊन बाहेर पडणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि ती टाळण्यासाठी आपण चाळीस रुपये मोजायला तयार असतो. बाजारातली शिस्त म्हणतात ती बहुतांशी एवढीच : दिवसातून दोनदा, चारचौघांसारखं, किरकोळ चुकता येणं. तक्ते, कँडल, सकाळच्या टिपा हे सगळं त्यानंतरचं.

तेव्हा इंट्राडे करायचंच असेल तर सौदा टाकण्याआधी बाहेर पडायचा भाव एका कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या कुणाच्या तरी हाती द्या. दुपारी परत मागू नका.