धन्याला सल्ला, गोणीला मलिदा

सरकारने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिचे आकडे जाहीर होतात. नैसर्गिक शेती सरकारने मनावर घेतली ती २५ नोव्हेंबर २०२४ रोजी. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. २,४८१ कोटी रुपये, १ कोटी शेतकरी, १५ हजार गट, १० हजार जैविक निविष्ठा केंद्रे आणि घरोघर जाऊन समजावायला ३० हजार कृषी सखी. बातमी वाचता वाचताच पायाखालची जमीन भुसभुशीत होऊ लागली.

पण आम्हा सदरवाल्यांना एक खोड असते. एक आकडा दिसला की त्याच्या शेजारी दुसरा ठेवून बघायचा. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानासाठी धरलेली रक्कम आहे सुमारे १ लाख ६८ हजार कोटी. दिवसाला साधारण ४६० कोटी पडले. या दराने नैसर्गिक शेतीचे अख्खे अभियान, गटांसकट, केंद्रांसकट, सखींसकट, सोमवारी सकाळी सुरू केले तर शनिवारी संध्याकाळी संपते. रविवारी धरणीमातेला सुट्टी.

दोन्ही रकमा सरकारी तिजोरीतल्याच. गुत्त्याचे बिल आपणच भरायचे आणि गुत्त्याच्या दारात उभे राहून दारूबंदीची पत्रके वाटायची, असा हा कारभार. पत्रके छान छापलेली असतात, याबद्दल दुमत नाही.

आमचे मामा मराठवाड्यात साडेतीन एकर कोरडवाहू करतात. कापूस, सोयाबीन, बांधाला तूर. नैसर्गिक शेतीवर त्यांचा काडीचा राग नाही. ‘तुझ्या आजोबांनी दुसरं काय केलं?’ ते म्हणतात. ‘फक्त तेव्हा त्याला अभियान म्हणत नव्हते.’ आजोबांच्या दावणीला दोन बैलजोड्या होत्या. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, आणि ट्रॅक्टर कितीही अश्वशक्तीचा असला तरी शेण टाकत नाही. गावात शेणखताची ट्रॉली मागायला जावे तर तिचा भाव ऐकून माणूस मुकाट्याने कृषी सेवा केंद्राचा रस्ता धरतो.

कृषी सेवा केंद्रात मात्र सगळे सोपे आहे. आधार कार्ड दाखवा, पॉस मशीनवर अंगठा ठेवा, २६६ रुपये ५० पैसे मोजा आणि युरियाची गोणी खांद्यावर घ्या. गोणीची खरी किंमत याच्या कित्येक पट. वरचा पैसा सरकार भरते, आणि तो आठवड्याच्या हिशेबाने कंपनीकडे वळता करायचा असा नियम आहे. मशीनवर अंगठा उठला की गोणी मामांची, अनुदान कंपनीचे. किती एकरांवर टाकणार, कोणत्या पिकाला टाकणार, जमिनीला त्याची गरज आहे का, असले आगाऊ प्रश्न ते यंत्र विचारत नाही. इतका विश्वास मामांवर मामीसुद्धा टाकत नाहीत.

आता हेच मामा युरिया सोडायचा म्हणाले तर? मग विश्वासाचा प्रश्न येतो.

परंपरागत कृषी विकास योजना घ्या. २०१५ पासून चालू आहे. तिच्यासाठी एकटे मामा चालत नाहीत. वीस हेक्टरांचा गट हवा. गटाने तीन वर्षे नियम पाळायचे, वह्या भरायच्या, एकमेकांच्या शेताची तपासणी करायची, मग प्रमाणपत्र. त्यासाठी हेक्टरी ३१,५०० रुपये, अर्थात तीन वर्षांचे मिळून. त्यातले निविष्ठांसाठी शेतकऱ्याच्या हातात १५ हजार, प्रमाणीकरणाला ३ हजार, पॅकिंग आणि विक्रीला साडेचार हजार आणि प्रशिक्षणाला ९ हजार. म्हणजे शेणामुताला पाच रुपये, तर शेणामुतावरच्या व्याख्यानाला तीन. ज्ञानाची इतकी कदर विद्यापीठातही होत नसेल.

नव्या अभियानात तर थेट मदत आहे : एकरी वर्षाला ४ हजार, दोन वर्षे. फक्त एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त एका एकरासाठी. मामांच्या उरलेल्या अडीच एकरांनी निसर्गाकडे आपापल्या जबाबदारीवर जावे.

याआधी ‘झिरो बजेट’ही येऊन गेले. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी ते आयुष्यभर सांगितले, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात ‘झिरो बजेट’ शेतीचा गौरवाने उल्लेख झाला. बजेटच्या भाषणात झिरो बजेट आले की त्याला किती तरतूद करायची, हे अर्थखात्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी मामांनी जीवामृत करून पाहायचे ठरवले. एका एकराला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, दोनशे लिटर पाणी. मामींनी यादी ऐकली आणि गुळाचा डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवला. ‘एवढं बेसन घरात आलं तर आधी माणसांना भजी,’ त्या म्हणाल्या. जमिनीतल्या जिवाणूंनी त्या दिवशी काय खाल्ले, कळायला मार्ग नाही.

सरकार मात्र युरियाच्या बाबतीत अगदीच गप्प बसले आहे असे नाही. त्याने गोणीच लहान केली. २०१८ पर्यंत गोणी ५० किलोची होती, मग ४५ची झाली. त्यामागचा विचार मोठा सूक्ष्म होता. शेतकरी खत किलोवर टाकत नाही, गोणीवर टाकतो. मग गोणीतले पाच किलो काढून घेतले की देशाचा युरिया आपसूक दहा टक्क्यांनी घटला! हिशेब बरोबर होता, फक्त पिकाला कळवायचे राहून गेले. पऱ्हाटी पिवळी दिसली की मामा आणखी एक गोणी आणतात. २०१७-१८ मध्ये देशात सुमारे ३०० लाख टन युरिया खपला होता. २०२३-२४ मध्ये तो सुमारे ३५७ लाख टनांवर गेला. पुढे गंधकाचा थर दिलेला ‘युरिया गोल्ड’ आला. त्याची गोणी ४० किलोची, किंमत तीच. अशी पाच-पाच किलोंनी प्रगती होत राहिली तर एक दिवस गोणी रिकामी मिळेल, आणि देश एका रात्रीत सेंद्रिय होईल.

‘युरिया गोल्ड’च्या आधीच बाटली आली होती. नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली एका गोणीचे काम करते, असा दावा आहे. म्हणजे बाटली घेतली की गोणी नको. दुकानात मात्र बाटली घेतल्याशिवाय गोणी नाही. याला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. लिंकिंग कराल तर कारवाई करू, असे कृषी खाते दर हंगामात बजावते. आणि दुकानदार ते दर हंगामात वाचतो. मामांच्या घरी देवळीत अशा बाटल्या ओळीने उभ्या आहेत. त्यातल्या दोनांचे बूच उघडलेले, बाकीच्यांवर धूळ. खपाच्या तक्त्यात त्या सगळ्या प्रगतीच्या बाजूला मांडल्या गेल्या असणार.

आता सल्ल्याकडे वळू, कारण सल्ल्याच्या बाबतीत सरकारने हात कधीच आखडता घेतला नाही. त्यातला सर्वांत देखणा सल्ला म्हणजे मृदा आरोग्य पत्रिका. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगडला ही योजना सुरू झाली. मामांची पत्रिका मी पाहिली आहे. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन : बारा घरांची कुंडली. सेंद्रिय कर्बासमोर ‘कमी’. कोरडवाहू भागात दर दहा हेक्टरांच्या चौकोनातून मातीचा एक नमुना घ्यायचा, असा या योजनेचा आराखडा. मामांचे रान दीड हेक्टरही नाही. म्हणजे त्या चौकोनात मामांसह आणखी पाच-सहा जणांची जमीन, आणि खड्डा नेमका कोणाच्या रानात घेतला ते खड्डा घेणाऱ्यालाच ठाऊक. ‘माझं रक्त शेजाऱ्याच्या दंडातून काढलंय,’ मामा म्हणतात, ‘पण पथ्य मलाच सांगितलंय.’ पथ्य लिहिलेले असते हेक्टरी किलोत. मामांचा हिशेब एकरी गोणीत. मधले गणित करायला माणूस लागतो.

त्या माणसाला कृषी सहाय्यक म्हणत. त्याच्याकडे दोन-चार गावे, अर्धा डझन योजनांची पोर्टले, पंचनामे, पीक कापणी प्रयोग आणि वरून आलेली उद्दिष्टे. एवढे करून उरलेल्या वेळात त्याने बांधावर जाऊन मार्गदर्शन करायचे. हे सारे त्याच्याने निभेना म्हणून राज्य सरकारने २०२५ मध्ये ठोस पाऊल उचलले. त्याचे पदनाम ‘सहाय्यक कृषी अधिकारी’ केले. गावे तीच, बांध तोच, पण आता सल्ला अधिकाऱ्याकडून येतो. शिवाय त्याच वर्षी ‘महाविस्तार’ ॲप आले, कृषी क्षेत्रातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींचे धोरण आले. मराठीत विचारा, मराठीत उत्तर. उत्तरे खरोखर चांगली असतात. शेणखत घाला, पिकाची फेरपालट करा, आच्छादन करा, हिरवळीचे खत गाडा. ते करायला लागणारी दावण, मजूर आणि एक हंगाम पोट भरण्यापुरते पैसे एवढेच काय ते डाउनलोड होत नाही.

पैसे हवे असतील तर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज आहेच. १५ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी फार्मर आयडी सक्तीचा. पूर्वी सोडत निघायची, आता जो आधी येईल त्याला आधी. अल्पभूधारकाला ठिबकसाठी ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान. कागदावर मन हरखून जाते. अर्ज, कोटेशन, पूर्वसंमती. पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर अनुदान बाद. पूर्वसंमती मिळाली की सगळे पैसे आधी आपल्या खिशातून, नाहीतर सावकाराच्या. मग बिल अपलोड, मोका तपासणी, नळीशेजारी उभे राहून जिओ टॅग केलेला फोटो. त्यानंतर अनुदानाची वाट. इथे आठवड्याचा हिशेब नसतो. इथे निधी उपलब्ध झाला की, असा हिशेब असतो.

तर मुद्दा लक्षात आला असेल. आपल्याकडे शेतीला पैसा आहे आणि सल्लाही आहे. फक्त पैसा गोणीच्या मागे जातो आणि सल्ला शेतकऱ्याच्या. धन्याला धत्तुरा आणि चाकराला मलिदा म्हणतात, त्यातला धत्तुरा आता जैविक प्रमाणित आहे, एवढाच फरक.

यावर कोणी म्हणेल, राज्यांनी रासायनिक खत कमी केले तर बक्षीस आहे की! आहे. २०२३ साली मंजूर झालेल्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेत राज्याने खत वाचवले तर वाचलेल्या अनुदानाची निम्मी रक्कम राज्याला. गोणी टाकायची सोडणार मामा, पीक पिवळे बघत रात्र काढणार मामा, आणि प्रणाम मंत्रालयाला. शेणखतालासुद्धा त्याच वर्षी मदत जाहीर झाली : टनाला १,५०० रुपये, एकूण सुमारे १,४५१ कोटी. मामा टोपी सावरून उठलेच होते. पण ती मदत बायोगॅस प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या, कंपन्यांमार्फत विकल्या जाणाऱ्या सेंद्रिय खताला आहे. मामांचे शेण थेट म्हशीतून बाहेर पडते. तिथे कंपनी नाही.

म्हणून माझी सरकारला नम्र सूचना आहे. नवे अभियान नको, नवे ॲप नको. प्रत्येक शेतकऱ्याच्या उकिरड्याची खत कंपनी म्हणून नोंदणी करा. मामा पाटी भरून शेणखत रानात निघाले की बांधावर मामी पॉस मशीन घेऊन उभ्या. मामांनी अंगठा ठेवायचा, मशीनने ‘टिंग’ म्हणायचे आणि आठवड्याच्या हिशेबाने अनुदान मामींच्या खात्यात. युरियावर जेवढे देता त्याच्या निम्मे दिले तरी चालेल. बघा वर्षभरात सेंद्रिय कर्ब कसा वर येतो तो. भज्यांनाही बेसन उरेल.

मामांना मी ही योजना सविस्तर सांगितली. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतली.

‘कंपनीला फार्मर आयडी लागतो का?’

‘नाही, मामा.’

‘पूर्वसंमती? ढिगाशेजारी उभं राहून फोटो?’

‘तेही नाही.’

‘मग इतकी वर्षं आम्हाला शेतकरी राहायचा सल्ला दिला कुणी?’