स्टॅशपंत

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी ऑफिसात एक तरी स्टॅशपंत असतातच. स्क्रीनवर सदैव ‘वर्किंग ट्री क्लीन’, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती ओळ दिसेल अशी मॉनिटरची मान वळवलेली. पाहुण्यांची चाहूल लागताच पसारा पलंगाखाली सरकवावा, तसा अर्धवट कोड त्यांनी ‘गिट स्टॅश’ म्हणत आत ढकललेला असतो.

लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं. स्टॅशची सोय दोन वर्षांनी आली. हेतू साधा: प्रॉडक्शनवर काही पेटलं तर हातातलं काम बाजूला ठेवा, आग विझवा, परत या. पंतांनी त्यातलं ‘परत या’ तेवढं गाळलं.

आग विझवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मान्य करायलाच हवं. अडचण नंतर. स्टॅशला नाव देता येतं, पण पंत घाईत. मग गिटच लिहितं ‘डब्ल्यूआयपी ऑन डेव्हलप’, आणि पुढे शेवटच्या कमिटचा मजकूर. तो पंतांचाच, म्हणजे ‘फिक्स’. नाहीतर ‘फिक्स फायनल’. यादीत वरपासून खालपर्यंत हेच. शिवाय नवा स्टॅश आला की तो शून्य क्रमांकावर बसतो आणि बाकीचे एकेक पायरी खाली, त्यामुळे काल सातवर असलेलं आज आठवर. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला तर गिट ती नोंद पुसत नाही. पंत ते कसंबसं जुळवतात, तेवढ्यात पुन्हा कुणीतरी हाक मारतं, पुन्हा स्टॅश. एकाच कामाची आता जुळी.

नव्या फायली तर साधा स्टॅश आत घेतच नाही. हे ज्ञान पंतांना दरवेळी नव्याने होतं, बहुधा त्यांची ‘टेस्ट टेस्ट हॅलो’वाली फाइल हॉटफिक्सबरोबर प्रॉडक्शनला पोचल्यावर.

स्टँडअपला विचारलं की ठरलेलं उत्तर: “ऐंशी टक्के झालंय, स्टॅशमध्ये आहे.”

“अहो, मग वेगळी ब्रांच करून पुश का नाही करत?” लीडबाई एकदा वैतागून म्हणाल्या.

“मॅडम, पुश केलं की सगळ्यांना दिसतं. स्टॅश कसा, आपला आपल्यापाशी.”

खरंच आहे. स्टॅश त्या मशिनच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही.

परवा पंतांना नवा लॅपटॉप मिळाला. जुना फॉरमॅटला नेताना सपोर्टच्या पोराने विचारलं, “सर, काही कॉपी करून ठेवायचंय का?”

“छे रे,” पंत म्हणाले, “सगळं गिटमध्ये आहे.”