चार टक्के काम पूर्ण

नोकरीतली सगळी वर्षं मी रस्ते बांधले. म्हणजे ते कंत्राटदारांनी बांधले आणि मी मोजमाप पुस्तिकेत 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहून खाली सही केली. ही पाहणी जीपमधून होत असे. उन्हाळ्यात धूळ येते म्हणून काचा वर आणि पावसाळ्यात पाणी येतं म्हणून काचा वर. पाय जमिनीला लागायचे ते थेट विश्रामगृहाच्या पायरीशी. अशा मी निवृत्तीनंतर एका संध्याकाळी घरात जाहीर केलं की राष्ट्रीय महामार्ग ४४, कन्याकुमारी ते श्रीनगर, सगळाच्या सगळा ३,७४५ किलोमीटर, मी एकट्यानं पायी करणार आहे. घरात कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरच्या डेअरीत जायला तुम्ही स्कूटर काढता."

तिला मी थोर माणसांचे दाखले दिले. विनोबा १९५१ साली भूदानासाठी निघाले ते तेरा वर्षं चालत होते. चंद्रशेखर १९८३ साली कन्याकुमारीहून निघून दिल्लीला राजघाटापर्यंत चालत पोचले. बाबा आमटे १९८५ साली 'भारत जोडो' म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरला निघाले तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते, पाठीच्या दुखण्यानं त्यांना धड बसताही येत नव्हतं, गाडीत आडवं पडून ते गेले आणि तरुण मुलं सायकलींवर. "त्यांना काहीतरी काम होतं," बायको म्हणाली. "तुमचं काश्मीरला काय काम आहे?" हा प्रश्न पुढे मला तमिळमध्ये इतक्यांदा विचारला गेला की त्याचे सूर मला पाठ झाले. उत्तर मात्र मराठीतही सुचलं नव्हतं.

नियोजनात मात्र मी कमी पडलो नाही. कागदावरचा रस्ता हा माझा प्रांत. रोजचे पंचवीस किलोमीटर धरले, भागाकार केला, दीडशे दिवस आले, त्यात विश्रांतीचे दिवस मिळवले, आणि रंगीत पट्ट्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. त्याप्रमाणे मी हुरड्याच्या दिवसांत हिंगणघाटला मेव्हणीकडे आणि ट्यूलिपच्या हंगामात श्रीनगरला पोचत होतो. मेव्हणीनं हुरड्याचं सांगूनही ठेवलं. तक्ता इतका देखणा झाला होता की कुलकर्णी पाहून गेले, जोशी पाहून गेले, आणि काम निम्मं झाल्याचं समाधान मला घरबसल्याच मिळालं. चालायचा सराव राहून गेला, त्याचं एक कारण हे.

एकट्यानं जायचं यावर मी ठाम होतो. रोज फोन नाही, कुणाची सोबत नाही, ओळखीपाळखी नाहीत. माणसानं आयुष्यात एकदा तरी स्वतःसोबत राहावं, असं मी सोसायटीच्या बाकावर बोललो होतो आणि ते मला स्वतःलाच फार आवडलं होतं. बायकोनं वाद घातला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उलट वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींकडून 'कन्याकुमारी ते काश्मीर, पदयात्रा' असं तमिळमध्ये लिहून घेण्याचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं, ते प्लास्टिकमध्ये पक्कं केलं आणि माझ्या पाठीवरच्या पिशवीला मागच्या बाजूनं चार सेफ्टी पिनांनी लावून दिलं. मजकूर मागितल्यापेक्षा लांब दिसत होता. मामी म्हणाल्या, तमिळ भाषाच तशी लांब असते.

निघायला मी २ ऑक्टोबर निवडला, वर्ष २०२३. कन्याकुमारीच्या गांधी मंडपाची बांधणी अशी आहे की त्या दिवशी भर दुपारी बारा वाजता छतातून सूर्याचा किरण बरोबर अस्थिकलश ठेवलेल्या जागी पडतो. तो किरण पाहून पाऊल उचलायचं, असं ठरलं होतं. किरण पडला असावा. माझ्यापुढे लोकांची डोकी होती, मला ती दिसली. समुद्रातल्या विवेकानंद स्मारकाकडे पाहून नमस्कार केला. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याच्या एकनाथ रानड्यांनी ते १९७० साली पुरं करून दाखवलं होतं. म्हणजे मराठी माणसाला इथे काही तडीस नेता येतं, याचा पुरावा डोळ्यांपुढे उभा होता. मग निघालो. अर्थ एवढाच, की किरणाच्या नादात मी कन्याकुमारीत ऑक्टोबरच्या दुपारी बारा वाजता चालायला सुरुवात केली. डांबर तापल्यावर काय होतं हे मला मृदुबिंदू आणि अंशांसकट पाठ होतं. बुटाच्या तळव्यातून ते वर कसं येतं, हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

शुचिंद्रमला पोचेपर्यंत टाचेला फोड आला. चहाच्या टपरीवर बसलो. तिथल्या एका पोरानं हातवाऱ्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, काश्मीर. तो खूश झाला. 'भारत जोडो' याच नावाची दुसरी एक यात्रा आदल्या वर्षी सप्टेंबरात ह्याच रस्त्यानं गेली होती. त्यानं उत्तरेकडे हात करून इंग्रजीत सांगितलं, "सर, दे ऑल गॉन. वन इयर." मी मागे राहून गेलेला कार्यकर्ता आहे आणि मला अजून कुणी कळवलेलं नाही, असा त्याचा समज झाला होता. इतक्यात दुसरा एक जण उठला, मला वळसा घालून मागे गेला, परत आला आणि टपरीवाल्याशी हलक्या आवाजात काही बोलला. सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. मला पंख्याखालचा बाक मिळाला, वडा मिळाला, चहा मिळाला. पैसे घेईनात.

पुढे हे रोजचंच झालं. नागरकोइलला, आरळवायमोळीच्या खिंडीत, मुप्पंदलच्या पवनचक्क्यांच्या जंगलात, नांगुनेरीला. मी टेकलो की कुणीतरी हमखास मागून वळसा घालून येई, आणि मग बाक, पाणी, वडा, "तात्ता, तात्ता" (आजोबा, आजोबा) म्हणून आर्जव. एकानं तर हात धरून रस्ता ओलांडून दिला. मी भारावलो. पदयात्रीचा एवढा मान महाराष्ट्रात वारकऱ्याला मिळत असेल, पण तो आषाढीत. इथे बारमाही! डायरीत मी लिहिलं, 'दक्षिणेत त्यागाला अजून किंमत आहे.' एक गोष्ट मात्र खटकायची. तमिळनाडूतला चहा गोडमिट्ट म्हणून ऐकून होतो आणि मला सगळीकडे बिनसाखरेचा मिळत होता. तिरुनेलवेलीला तर हलव्याच्या दुकानापुढे रांगेत उभा राहिलो, नंबर लागला, मागच्या माणसानं खांद्यावरून पुढे होत दुकानदाराला काही सांगितलं, आणि दुकानदारानं मला हात जोडून बाजूला केलं. तपस्व्यानं जिभेचे चोचले करू नयेत अशी ह्या लोकांची भावना असावी, असं मी डायरीत लिहिलं. वाचायला फार बरं वाटतं ते अजूनही.

चालण्याबद्दल दोन शब्द, कारण चालायलाच मी आलो होतो. पायी माणसानं समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चालावं, हे मीच कितीतरी सुरक्षा सप्ताहांत सांगितलेलं. चौपदरी रस्त्यावर ते पाळलं. समोरून ट्रक येत होते, ते दिसत होते. मागून, म्हणजे जिथून काहीही येण्याचा कायद्यानं संबंध नाही तिथून, मोटारसायकली येत होत्या, कारण दुभाजक जिथे तुटतो तिथपर्यंत जाऊन वळायला कुणाला वेळ नसतो. साइडपट्टी कागदावर सलग असते. प्रत्यक्षात ती मोरी आली की संपते, आणि पायी माणूस दोन पावलं डांबरावर चढतो, नेमका तेव्हाच वाळूचा ट्रक येतो. अशा किती मोऱ्यांवर मी सही केली असेल, ह्याचा हिशेब चालता चालता लागत गेला. टोलनाक्यावर मी माझा दर शोधला. कार, बस, ट्रक, अवजड यंत्रं, सगळ्यांचे दर होते. दुसऱ्या फलकावर माफी असलेल्यांची यादी होती, राष्ट्रपतींपासून सुरू होणारी. पायी माणूस दोन्हीकडे नव्हता. तिथल्या माणसानं मला खुर्ची दिली, वळसा घातला आणि फोन लावला. कुणाला, ते मी विचारलं नाही. मोठ्या साहेबांना कळवत असेल, असं वाटलं.

तिरुनेलवेलीच्या पुढे उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला. कोविलपट्टीचा सगळा मुलूख काळ्या कापसाच्या मातीचा. ही माती मला चांगली माहीत: भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि रस्ता खचला की आम्ही अहवालात तिच्याकडे बोट दाखवतो. आता ती माझ्या बुटांना चिकटली. दर शंभर पावलांनी थांबून काडीनं तळवे खरवडावे लागत. पिशवीतलं मेतकूट ओलं होऊन त्याचा लगदा झाला होता. मी कोविलपट्टीत शिरलो तो लंगडत, चिखलानं बरबटलेला, आणि कशासाठी तरी आसुसलेला.

कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की प्रसिद्ध आहे. 'कडलै मिट्टाय' म्हणतात, २०२० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. लोणावळ्याच्या चिक्कीवर वाढलेल्या माणसाला ह्याहून काय हवं? दुकानात गेलो, पाव किलो मागितली. दुकानदार उठला, वळसा घालून मागे गेला, परत आला आणि मानेनं 'नाही' म्हणाला. मी पैसे दाखवले. तो नाही. मी आवाज चढवला. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं आणि पोराला कुणालातरी बोलवायला पिटाळलं. आले ते गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीची काही वर्षं दौंडला काढलेली, त्यामुळे मराठी बोलणारे. मी त्यांच्याकडे तक्रार मांडली की एका पदयात्रीला पाव किलो चिक्की नाकारली जाते आहे. ते माझ्या मागे गेले. बराच वेळ आले नाहीत. मग मागूनच त्यांचा आवाज आला, "साहेब, हे तुम्ही वाचलंय का?"

त्यांनी वाचून दाखवलं ते असं: हे आमच्या घरचे गृहस्थ आहेत. काश्मीरला चालत निघालोय असं सांगतील. हो म्हणावं, वाद घालू नये. सावलीत बसवावं. साखरेचा आजार आहे, गोड देऊ नये, मागितलं तरी देऊ नये. उलट्या दिशेनं चालताना दिसले तर वळवून द्यावं. आणि खालच्या नंबरावर कळवावं.

मी तिथूनच बायकोला फोन लावला. "दीडशे किलोमीटर मला वेडा म्हणून हिंडवलंस?"

"वेडा नाही लिहिलं हो," ती म्हणाली. "मामी विचारत होत्या लिहू का म्हणून. मीच नको म्हटलं."

मग तिनं मला माझा प्रवास सांगितला. शुचिंद्रमचा फोड, नागरकोइलला पेट्रोल पंपावर काढलेली रात्र, नांगुनेरीजवळ कुत्री मागे लागल्यावर मी चढलो ते ट्रॅक्टरचं ट्रेलर. तिरुनेलवेलीत रात्री परोटे खाल्ले, तेही तिला ठाऊक होते, संख्येसकट. एका टपरीचा फोन आला की मामी पुढच्या गावच्या टपरीवाल्याचा नंबर मागून घेत आणि त्याला माझा अंदाजे वेळ कळवत. मी सबंध वाटेत एक पाऊलही एकट्यानं टाकलं नव्हतं. रजिस्टर टपालासारखा मी हातोहात, पोच घेत घेत, उत्तरेकडे सरकवला जात होतो. फ्रिजवरच्या तक्त्यात बायको रोज माझी प्रगती पेन्सिलीनं भरत होती. हे खात्यात कुणी कधी केलं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांनी नख काढलं आणि चालायला मनाई केली. नख निघाल्याचं दुःख मला झालं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. दीडशे भागिले तीन हजार सातशे पंचेचाळीस, म्हणजे काम चार टक्के पूर्ण. एवढ्यावर कंत्राटदाराला पहिलं बिलसुद्धा मिळत नाही. दौंडवाल्या गृहस्थांनी मला पुण्याच्या गाडीत बसवलं, आणि निघताना इकडेतिकडे पाहून चिक्कीची एक वडी माझ्या हातात कोंबली. निवृत्त माणसालाच निवृत्त माणसाचं कळतं.

सोसायटीत सत्काराची तयारी आधीच झाली होती. फलक छापून आला होता, 'कन्याकुमारी ते काश्मीर'. सेक्रेटरींनी पैसे वाया जाऊ दिले नाहीत. 'काश्मीर'वर 'कोविलपट्टी'ची पट्टी चिकटवली. शाल मला मिळाली. भाषण बायकोला करायला सांगितलं, कारण माहिती तिच्याकडे होती. मामींनाही नारळ दिला. मेव्हणीचा हुरडा बाकी राहिला, तो आम्ही डिसेंबरात रेल्वेनं जाऊन खाऊन आलो.

पोंगलला नांगुनेरीच्या टपरीवाल्याचा फोन आला. तात्ता कसे आहेत, पाय बरा आहे का, अशी चौकशी करत होता. मामी स्पीकरवर दुभाषाचं काम करत होत्या. मला भरून आलं. मी म्हटलं, त्यांना सांगा, पाय अगदी ठणठणीत झालाय. मामींनी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, मग तो घाईघाईनं काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

मामी बायकोकडे वळून म्हणाल्या, "दाराला वरची कडी लावत जा म्हणतो."