प्रश्न मला विचारा

डॉक्टरांसमोर मी बसलेली. पोट माझं दुखतंय. आणि डॉक्टर माझ्या मुलाकडे बघून विचारतात, "यांना भूक लागते का?" मुलगा माझ्याकडे बघतो. मी सांगते, "लागते." डॉक्टर पुन्हा मुलालाच म्हणतात, "मग रात्री हलकंच देत जा."

गुडघे दुखतात, मान्य. त्याला तेल आहे, शेक आहे. पण डोकं शाबूत असलेल्या बाईला तिच्यासमोरच वगळतात, त्याचा मला राग येतो. दवाखाना असो, बँक असो, आरक्षणाची खिडकी असो, पांढरे केस दिसले की पहिला प्रश्न ठरलेला : "सोबत कोणी आहे का?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, हे मला कळतं. पण उत्तर "नाही" आलं की काम तिथंच अडतं, हेही मी पाहिलंय.

नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांचा महिना. आपण जिवंत आहोत हे कळवायचं, हयातीचा दाखला द्यायचा. नाही दिला तर पेन्शन थांबतं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर कुणी पैसे उचलू नयेत. 10 नोव्हेंबर 2014 रोजी केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' सुरू केलं. आधार क्रमांक सांगा, यंत्रावर बोट ठेवा, दाखला तयार. लेकीकडे परगावी राहणाऱ्या बाईला आपल्या शाखेपर्यंत यायची गरज उरली नाही. सोय मोठी आहे, आणि ती करणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत.

पण बोटाचं काय? वय वाढतं तशी कातडी पातळ होते, कोरडी पडते, बोटावरच्या रेषा पुसट होतात. ज्यांनी हातांनी कष्ट केले त्यांच्या तर आधीच झिजलेल्या असतात. गेल्या वर्षी बँकेच्या रांगेत माझ्यापुढे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक मैलकुली होते. सगळा जन्म खडी आणि डांबरात गेलेला. उजवा अंगठा ठेवला, नाही. तर्जनी, नाही. डावा हात धोतराला पुसून ठेवला, नाही. काउंटरमागचा मुलगा म्हणाला, "बाबा, मॅच होत नाही. सोबत कोणी आहे का?"

सोबत कोणी असतं तर काय होणार होतं? मुलाचा अंगठा चालला असता?

बाबांच्या पिशवीत पासबुक होतं, आधार होतं, पेन्शनचे कागद होते. ते समोर उभे होते, बोलत होते. त्यांच्या हयातीचा याहून मोठा पुरावा कुठला? मी म्हटलं, कागदी फॉर्म द्या. दिला. बाबांनी सही केली, अधिकाऱ्याने त्याखाली सही करून शिक्का मारला, काम झालं. हा जुना रस्ता बंद झालेला नाही. पण बाबांना तो कुणी सांगितला नव्हता, आणि मी नसते तर ते तसेच परत गेले असते. जन्मभर रस्ते घडवलेला माणूस बँकेच्या पायऱ्या मान खाली घालून उतरला असता.

नोव्हेंबर 2021 पासून फोनवर चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. उत्तम. ज्यांच्याकडे तसा फोन आहे आणि तो वापरता येतो, त्यांनी जरूर घ्यावा. बाकीच्यांसाठी पुन्हा नातवाच्या सुट्टीची वाट.

एसटीचंही तेच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य सरकारने ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत केला. चांगलं केलं. माझ्या मोठ्या जावेला आता माहेरी जायला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण गाडीची पहिली पायरी इतकी उंच की पाय पोचत नाही. मागचा माणूस ढकलतो, पुढचा ओढतो. तिकीट नको, पायरी खाली आणा, असं ती म्हणते, आणि ते मला पटतं.

आता घरच्यांकडे वळते, कारण दुखतं ते तिथेच जास्त. मुलं मायेनं म्हणतात, "आई, तू कशाला जातेस? मी ऑनलाइन करतो." विजेचं बिल गेलं. औषधं गेली. मग भाजीही दारात येऊ लागली. एकेक काम गेलं आणि त्या कामाबरोबर दिवसाचा एकेक तुकडा गेला. नेहमीची भाजीवाली माझ्यासाठी अळूची जुडी बाजूला ठेवायची, सुनेच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगायची. भाव करताना आकडेमोड व्हायची, चालणं व्हायचं, चार माणसं नावाने हाक मारायची. तेवढं सगळं वाचवून मुलांनी मला काय दिलं? टीव्हीसमोरची दुपार. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, भाजी मी आणणार. बिलही मीच भरणार, वेळ लागला तरी. पडेन याची भीती त्यांना वाटते, मलाही वाटते. म्हणून काठी घेतली आहे. बाहेर जाणं सोडणार नाही.

माझं मागणं फार नाही. डॉक्टर, प्रश्न मला विचारा; मी विसरले तर मुलगा आहेच. काउंटरमागच्या मुलांनो, यंत्राने नाही म्हटलं तर पुढचा मार्ग तुम्ही सांगा, आम्हाला शोधायला लावू नका. दोन खुर्च्या ठेवा. आवाज चढवण्याऐवजी सावकाश बोला.

आणि माझ्या वयाच्या वाचकांनो, एक गोष्ट लिहून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांचा हयातीचा दाखला बँकेने घरी येऊन घ्यायची सोय करावी, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्येच बँकांना कळवलेलं आहे. जिना उतरवत नसेल तर शाखेला फोन करा आणि ही सोय मागा. टाळाटाळ झाली तर लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. फोन स्वतः करा.