फरक कळला का?

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवा टीव्ही आला. खोका अजून जिन्यातच होता, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून प्रश्न आला, "आवाजाचं काय करणार?" किती इंची, नाही. केवढ्याला पडला, तेही नाही. पुण्यात केवढ्याला पडला हे न विचारणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिजत असतं. ऑक्सकाका संत नाहीत.

तुमच्या सोसायटीतही एक असतीलच. शर्टाच्या खिशात टेस्टर, पँटच्या खिशात लाल-पांढऱ्या टोकांच्या वायरचं भेंडोळं, आणि दिवाणखान्यात आल्यावर नजर चहाच्या कपाकडे नाही, टीव्हीच्या पाठीकडे. स्टिरिओच्या मागे बाहेरचा आवाज आत घ्यायला जी दोन भोकं असतात, एक लाल आणि एक पांढरं, त्यांना ते 'ऑक्स' म्हणतात. जगातल्या बहुतेक अडचणी त्या दोन भोकांतून सुटतात अशी त्यांची श्रद्धा. माझी आई त्यांचं नाव अक्षय आहे असं धरून चालते.

"पूर्वीच्या टीव्हीच्या पोटात हवा होती," काका आमचा टीव्ही उघडायच्या आधीच सांगू लागले. "स्पीकर समोर तोंड करून बसायचा. आता टीव्ही म्हणजे पापड. स्पीकर ठेवणार कुठे? खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे. हा टीव्ही तुमच्याशी बोलतच नाही. टेबलाशी बोलतो."

मग साउंडबार घेऊ का, असं मी विचारलं. बासुंदीत कोकम घालू का असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माळ्यावर स्टिरिओ असेल ना?"

होता. सगळ्यांच्याच माळ्यावर असतो. नव्वदच्या दशकात हप्त्यांनी घेतलेला, मध्ये डबल कॅसेट, डोक्यावर तीन सीडींची थाळी, दोन बाजूंना दोन लाकडी खोकी. खोक्यांवर चार आकडी वॅट छापलेले. मी अभिमानाने तो आकडा दाखवला. "ते पीएमपीओ," काका म्हणाले. "म्हणजे स्थळाच्या बायोडेटातला पगार. आरएमएस बघा. तो फॉर्म सोळावरचा."

पुढचे चार तास मी थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडे त्या विषयावर अजून शांतता पाळली जाते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा म्हणून टेपने मोजून सोफा मागे सरकवला गेला. त्रिकोण जमला, पण स्वयंपाकघराचं दार निम्मं झाकलं गेलं, आणि तेव्हापासून आई आमटीचं पातेलं घेऊन तिरकी येते. ट्वीटर, म्हणजे खोक्यातला वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला हवा म्हणून स्पीकरखाली माझे जपून ठेवलेले दिवाळी अंक गेले, डाव्याखाली अकरा, उजव्याखाली बारा (डावीकडचा एक अंक जाड निघाला). हादरे बसू नयेत म्हणून निळ्या पट्ट्याची माझी स्लिपर कापून तिचे आठ चौकोन झाले. हे सगळं झाल्यावर कळलं, की नव्या टीव्हीला लाल-पांढरी भोकंच नाहीत. त्याच्यातून आवाज निघतो तो ऑप्टिकल केबलमधून, उजेडाच्या रूपाने. काका डगमगले नाहीत. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले आणि काडेपेटीएवढी एक डबी घेऊन आले. उजेड आत, आवाज बाहेर. सगळं जोडलं. आवाज नाही. काकांनी प्रत्येक वायर काढून, टोक पुसून पुन्हा बसवली. शेवटी सातवीतल्या आमच्या कन्येने रिमोट घेऊन सेटिंगमध्ये डॉल्बीचं पीसीएम केलं, कारण त्या डबीला डॉल्बीची भाषा येत नव्हती. आणि बातम्या देणारी बाई एकदम खोलीत आली.

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "फरक कळला का?"

आता या प्रश्नाबद्दल बोलायलाच हवं. हा प्रश्न काका नुसता विचारत नाहीत. मान किंचित तिरकी करतात, टेस्टर हवेत धरतात, आणि उत्तर मिळेपर्यंत पापणी हलवत नाहीत. पाच मिनिटांत एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटसुलट करून ते तो तीनदा विचारू शकतात. "आता एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, म्हणून खर्ज एकमेकांत मरतो. आता सरळ केली. फरक कळला का?" सोसायटीने आपापली उत्तरं ठरवून टाकली आहेत. तळमजल्यावरचे वकील "जमीन-अस्मानाचा" म्हणतात. समोरच्या वहिनी "अय्या, हो की!" वॉचमन "बराबर". आमची ही स्वयंपाकघरातून, प्लग लागायच्या आत, "हो हो, खूपच." एकदा दुसऱ्या मजल्यावर चाचणी चालू असताना वीज गेली, तरी अंधारातून कुणीतरी "कळला ना!" म्हणालं. पाण्याच्या टाकीवरून वीस वर्षांत आमच्याकडे एकमत झालेलं नाही. फरक मात्र सगळ्यांना कळतो.

माझा जुना राग २ एप्रिल २०११ चा आहे. विश्वचषकाची अंतिम फेरी, वानखेडे, आणि आमच्या दिवाणखान्यात पंधरा माणसं. तेव्हाच्या टीव्हीला हेडफोनचं भोक होतं आणि काकांनी त्यातून वायर काढून स्टिरिओला दिली होती. गर्दी अशी घुमत होती, की खरंच वानखेडेवर बसल्यासारखं वाटत होतं. हे मला मान्य करावं लागेल. पण शेवटच्या षटकांत एक पाहुणे उशिरा आले आणि त्यांना फरक कळलेला नव्हता. काकांनी स्टिरिओकडची पिन उपसली. टीव्हीला वाटलं हेडफोन लागलेलाच आहे, म्हणून तो गप्प. आणि स्टिरिओकडे आता काही पोचत नव्हतं, म्हणून तोही गप्प. त्याच चेंडूवर धोनीने कुलसेकराला षटकार मारला. सगळा देश ओरडला. आम्ही पंधरा जणांनी तो मूकपटासारखा बघितला, आणि अवघ्या सोसायटीतून उठलेल्या आरोळीत काकांचा आवाज ऐकला, "बघा, हा फरक."

त्यांच्या घरी जायची मात्र मला धास्ती असायची. तिथला स्टिरिओ आमच्याहून जुना, झिलईदार, रोज पुसलेला. पण ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं. निवेदिकेच्या तोंडून 'स' किंवा 'श' निघाला की फोडणीत ओली कढीपत्त्याची पानं पडल्यासारखं व्हायचं. सातच्या बातम्यांना शासन, संसद आणि शेअर बाजार एकत्र आले की मी मनातल्या मनात कान झाकायचो. म्हणून मी कायम डावीकडची, खिडकीजवळची खुर्ची धरायचो. तिथे कानाला जरा सुख असायचं. का, ते कधी मनात आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेशील का? नेलं. बंद खोलीत बसवून, कानांवर हेडफोन लावून त्यांनी काकांना बारीक बारीक सूर ऐकवले आणि आलेख काढून दिला. रेघ डावीकडून बरी चालली होती. पुढे २००० हर्ट्झनंतर जिन्यावरून घसरल्यासारखी खाली गेली. वयानुसार वरच्या पट्टीपासून ऐकू येणं कमी होतं, असं तिथल्या मुलीने समजावलं. स्वर पोचतात, स, श, त, क ही अक्षरं गळतात. आवाज येतो, शब्द येत नाही.

काका चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. कागद त्यांनी बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "३०० ते ३४०० हर्ट्झ. टेलिफोनला एवढंच देतात. बोलणं भागतं." आणि स्वतःच हसले. "खात्याने मलाच लाइन करून टाकलं."

रिक्षात ते बाहेर बघत होते आणि मला एकदम लख्ख कळलं. माणूस इतकी वर्षं खरंच विचारत होता. त्याला स्वतःला कळत नव्हतं, म्हणून तो आमच्या कानांनी ऐकू बघत होता. आणि आम्ही, वकील, वहिनी, वॉचमन आणि मी, चहा गार होऊ नये म्हणून होकार देत होतो.

कानातलं मशीन आलं त्या संध्याकाळी काकूंनी बोलावलं. काकांनी बातम्या लावल्या आणि दचकून ट्रेबलच्या बटणाला हात घातला. "कोणी पेटवलं हे एवढं?" बटण मधोमध आणलं. ऐकत राहिले. पंखा ऐकला. स्वतःच्या पायजम्याची सळसळ ऐकली आणि पाय पुन्हा हलवून बघितला. मग भुवई चढली. उठले, उजव्या स्पीकरला कान लावला, डाव्याला लावला, पुन्हा उजव्याला. बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं. निवेदिका गोधडीत शिरली. उजवीकडे फिरवलं, ती बाहेर आली.

"फरक कळला का?"

"कळला," मी म्हणालो.

"डावा ट्वीटर मेलाय. आज-कालचा नाही, धूळ बघा." त्यांनी जाळी काढून हातात घेतली होती. "तुम्ही तर कायम या खुर्चीत बसता. ऐकत काय होतात?"

काकू चहा घेऊन आल्या. मी बिस्किटाकडे बघत होतो.

"उद्या बुधवार," काका टेस्टर खिशात अडकवत म्हणाले. "जुन्या बाजारात जाऊ. जोडीच घ्यावी लागेल, एकटा मिळत नाही. दहाला खाली या. पिशवी तुमची."